उपाशी पीक आणि टारफुला

खरिपाची ज्वारी गुडघाभर वाढलेली असते, पाऊसहि वेळेवर पडलेला असतो, जमिनींत ओल असते. तरी शेताच्या एखाद्या भागांतील ताटें दुपारीं माना टाकितात, पानें पिंवळीं पडतात आणि पीक जागच्या जागीं थिजून राहतें. कीड दिसत नाहीं, रोगाचा डागहि दिसत नाहीं. मग कांहीं दिवसांनीं त्याच ताटांच्या बुडाशीं वीतभर उंचीचीं, खरखरीत अरुंद पानांचीं व बारीक पांढऱ्या फुलांचीं रोपें वर आलेलीं दिसतात. हाच टारफुला. असें शेत पाहून ‘दृष्ट लागली’ किंवा ‘कोणीं करणी केली’ असें म्हणणारे लोक असतात. इंग्रजी लोकांनींहि ह्या तणाला ‘चेटकिणीचें तण’ असेंच नांव दिलें आहे. परंतु ह्यांत करणी कांहीं नाहीं. जें घडतें तें जमिनीखालीं घडतें, म्हणून तें डोळ्यांस दिसत नाहीं, इतकेंच.

अनुभवी शेतकऱ्यांस एक गोष्ट ठाऊक असते. ज्या शेतांत वर्षानुवर्षें खत पडतें तेथें टारफुल्याचा जोर कमी असतो. जें शेत निकस झालें आहे तेथें तो माजतो. असें कां व्हावें? इतर तणांचा नियम तर ह्याच्या उलट आहे; चांगल्या खताच्या शेतांत हरळी व लव्हाळा अधिकच फोफावतात. ह्या एका प्रश्नाचें उत्तर ह्या धड्यांत पाहावयाचें आहे. कारण तें कळल्यावांचून टारफुल्यावर केलेले कष्ट बहुधा व्यर्थ जातात.

१. टारफुला हें कसल्या जातीचें तण आहे

हरळी, कुंदा, लव्हाळा हीं तणें पिकाच्या शेजारीं वाढतात आणि त्याच जमिनींतील पाणी व अन्न घेतात. एका विहिरीवर दोन कुटुंबांनीं पाणी भरावें तसें तें आहे. टारफुला मात्र घर फोडून आंत शिरणाऱ्या चोरासारखा आहे. त्याचें मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटतें, तेथें एक बारीक गांठ तयार होते, आणि त्या गांठीवाटें तो ज्वारीच्या मुळांत शिरून तिनें मिळविलेलें पाणी व अन्न आपल्याकडे ओढून घेतो. आंब्यावरील बांडगूळ आणि कुंपणावरील अमरवेल आपण पाहिलेलीं आहेत. तंबाखूच्या शेतांतील बंबाखू तर टारफुल्याचा भाऊबंदच होय. फरक इतकाच कीं, बांडगूळ उघड्यावर बसून खातें आणि टारफुला जमिनीखालीं लपून खातो.

टारफुल्याला हिरवीं पानें असतात, म्हणून तो थोडेंबहुत अन्न स्वतः तयार करितो. पण दुसऱ्याच्या मुळावांचून तो जगत नाहीं. त्याच्या पानांतून पाण्याची वाफ रात्रंदिवस उडत असते, आणि तें पाणी ज्वारीच्या मुळांतून येतें. जमिनींत ओल असतांहि ताटें कां सुकतात, ह्याचें हें कारण आहे. शिवाय जेवढें तो खातो त्याहून पिकाचें नुकसान अधिक होतें. कारण त्याचा दंश झाल्यावर पिकाच्या पानांची अन्न तयार करण्याची शक्तिच मंदावते.

हें सर्व होत असतां टारफुला कित्येक आठवडे जमिनीच्या आंतच असतो. तो वर येऊन आपल्या दृष्टीस पडतो तोंपर्यंत मोठें नुकसान होऊन गेलेलें असतें. म्हणून फुललेला टारफुला उपटल्यानें त्या हंगामाचें गेलेलें पीक परत येत नाहीं. तो उपटणें अवश्यच आहे, पण तें पुढील हंगामांसाठीं. ह्याविषयीं खालीं सांगितलें आहे.

२. त्याच्या बियांची झोंप

टारफुल्याची बी धुळीच्या कणासारखी, मिलिमीटरच्या सुमारें पाव भागाएवढी असते. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला हजारों, कधीं कधीं ५० हजारांहूनहि अधिक बिया येतात. त्या जमिनींत १० वर्षें व त्याहूनहि अधिक काळ जिवंत राहूं शकतात.

एवढ्याशा बीमध्यें शिदोरी ती किती असणार! मोड आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्या कोंवळ्या मुळाला पिकाचें मूळ सांपडलें नाहीं, तर तें उपासानें मरून जातें. म्हणून ही बी नुसत्या पावसानें उगवत नाहीं. उबदार ओलीमध्यें आठवडा दोन आठवडे राहिल्यावर ती उगवण्यास सिद्ध होते, आणि मग वाट पाहत पडते. जवळ, म्हणजे अगदीं थोड्या मिलिमीटरांच्या अंतरावर, जिवंत मूळ आलें आहे अशी खूण पटली तरच ती उगवते. खूण मिळाली नाहीं तर ती पुन्हां निजते. ही खूण तिला कोण देतें? ज्वारीचें मूळच देतें.

३. मुळाची हांक

१९६६ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं कापसाच्या मुळांतून पाझरणारें एक द्रव्य वेगळें काढलें. एक अब्ज भाग पाण्यांत त्याचा एक भाग असला, तरी तेवढ्यानें टारफुल्याची बी जागी होते. टारफुल्याचें शास्त्रीय नांव स्ट्रायगा. त्यावरून ह्या द्रव्यास स्ट्रिगोल असें नांव पडलें. पुढें त्याच कुळांतील आणखी द्रव्यें ज्वारी, मका, भात इत्यादि पुष्कळ पिकांच्या मुळांत सांपडलीं. त्या सर्वांस मिळून स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात.

आतां येथें एक कोडें उत्पन्न झालें. आपल्या शत्रूला जागें करणारें द्रव्य झाडानें आपण होऊन बाहेर कां सोडावें? हें कोडें सुमारें चाळीस वर्षें सुटलें नाहीं. २००५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, ही हांक शत्रूसाठीं नसून मित्रासाठीं आहे. जमिनींत एक उपकारक बुरशी राहते. ती पिकाच्या मुळांत वस्ती करिते, आपले केसाहून बारीक धागे मुळांच्या पलीकडे दूरवर पसरिते, आणि तेथून विशेषेंकरून स्फुरद गोळा करून झाडाला आणून देते. त्याच्या मोबदल्यांत झाड तिला साखर देतें. पृथ्वीवरील बहुतेक वनस्पतींचा अशा बुरशीशीं हा व्यवहार चालतो. मुळांतून ते स्ट्रिगोलॅक्टोन पाझरले कीं बुरशीच्या धाग्यांस फांटे फुटतात आणि ती मुळाकडे येते. टारफुल्यानें ही मित्राला मारलेली हांक ओळखण्याची कला साधली आहे. घरधन्यानें मदतीसाठीं शेजाऱ्यास हांक मारावी आणि ती ऐकून चोरानें घराचा पत्ता काढावा, तसें हें झालें.

२००८ सालीं आणखी एक गोष्ट उजेडांत आली. हेंच द्रव्य झाडाच्या अंगांतहि काम करितें, आणि तेथें तें फुटवे व फांद्या आंवरून धरितें. ह्यांत मोठें शहाणपण आहे. जमिनींत अन्न थोडें असेल तेव्हां झाड एकीकडे आपला पसारा कमी ठेवितें आणि दुसरीकडे मदतीसाठीं हांक मारितें.

४. उपाशी पीक मोठ्यानें हांक मारितें

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर सोपें झालें. जें झाड तृप्त आहे त्याला मदतीची गरज थोडी, म्हणून त्याची हांकहि हळू असते. जें उपाशी आहे तें मोठ्यानें हांक मारितें. जपानी शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं ज्वारीवर प्रयोग करून दाखविलें कीं, स्फुरद कमी पडलें असतां तिच्या मुळांतून हें द्रव्य अधिक पाझरतें, आणि नत्र कमी पडलें असतांहि तसेंच होतें. लाल क्लोव्हर नांवाच्या द्विदल चाऱ्याच्या पिकांत मात्र हा परिणाम स्फुरदाच्या टंचाईनेंच झाला, नत्राच्या टंचाईनें नाहीं. द्विदल पिकांच्या मुळांवर गांठी असतात व त्यांतील जीवाणू हवेंतील नत्र त्यांना मिळवून देतात. म्हणून नत्रासाठीं त्यांना बुरशीची आर्जवें करावीं लागत नसावीं, असें शास्त्रज्ञांस वाटतें.

स्फुरदाचा स्वभाव जाणून घेणें येथें उपयोगाचें आहे. नत्र पाण्याबरोबर वाहतें. स्फुरद मातीच्या कणांस चिकटून बसतें आणि जागचें फारसें हलत नाहीं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत तर तें चुन्याशीं जखडलें जातें. जमिनींत स्फुरद असूनहि पीक उपाशी राहूं शकतें तें ह्यामुळें.

म्हणजे निकस शेतांत पिकावर दोन संकटें एकदम येतात. तें अशक्त तर असतेंच, आणि त्याच्या अशक्तपणामुळेंच शत्रु अधिक संख्येनें जागा होतो. पीक बुडालें कीं शेतकऱ्याच्या हातीं पैसा राहत नाहीं. पैसा नाहीं म्हणून पुढील वर्षीं खत नाहीं. खत नाहीं म्हणून टारफुला आणखी वाढतो. हें रहाट कोठें तरी थांबविलें पाहिजे.

ज्वारीचे कांहीं वाण जात्याच हळू हांक मारणारे असतात. इथिओपियांत जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा ह्यांनीं टारफुल्यास दाद न देणारे ज्वारीचे वाण तयार करून आफ्रिकेंतील शेतकऱ्यांस दिले, व त्याबद्दल त्यांस २००९ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या देशांतील ‘एन १३’ ह्या वाणाची रीत निराळी आहे. त्याच्या मुळाची भिंत घट्ट होऊन चोराला आंत शिरणें कठीण जातें. परंतु उत्तम वाणहि निकस जमिनींत टाकला, तर त्याच्याकडून फार आशा धरितां येत नाहीं.

५. खताविषयीं इशारा

नत्राचें आणखी एक काम आहे. युरिया व अमोनियायुक्त खतें ह्यांचा टारफुल्याच्या बीवर प्रत्यक्षहि परिणाम होतो; बिया कमी उगवतात व उगवलेल्यांचें मूळ आंखूड राहतें. शिवाय जोमदार पिकाची दाट सांवली पडते, आणि ती टारफुल्याला मानवत नाहीं.

असें असलें तरी ‘पोतें फोडलें कीं टारफुला गेला’ असें कोणीं समजूं नये. शेतांवर केलेल्या प्रयोगांचे निकाल सर्वत्र सारखे आलेले नाहींत. अगदीं थकलेल्या जमिनींत थोडेंसें खत दिलें, तर पिकाचीं मुळें वाढतात पण त्याची भूक पुरती भागत नाहीं. वाढलेलीं मुळें अधिक बियांपर्यंत पोंचतात, आणि टारफुला कमी होण्याऐवजीं कधीं कधीं वाढलेलाहि दिसतो. दुसरें असें कीं, जमिनींत उणीव स्फुरदाची असतां नुसता युरिया टाकीत गेल्यानें ती हांक थांबत नाहीं. कोणत्या अन्नाची उणीव आहे हें पाहूनच तें दिलें पाहिजे. तिसरें, बियांचा सांठा अनेक वर्षांचा असतो. एका हंगामाच्या खतानें तो संपत नाहीं.

६. दोन देशांची उदाहरणें

१९५६ सालीं अमेरिकेंतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना ह्या प्रांतांत मक्याच्या शेतांत टारफुला सांपडला. भारतांतून तेथें शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्यानें तो ओळखला, असें सांगतात. चार लक्ष एकरांहून अधिक जमिनींत त्याचा प्रसार झालेला आढळला. सरकारनें बाधित शेतांतून माती व माल बाहेर नेण्यावर निर्बंध घातले, तणनाशकें फवारलीं, आणि पुढें इथिलीन नांवाचा वायु यंत्रानें जमिनींत सोडला. त्या वायूनें पीक नसतांहि बिया उगवतात आणि उपासानें मरतात. अनेक दशकें पैसा ओतून त्यांनीं बहुतेक जमीन मोकळी केली. हा मार्ग श्रीमंत सरकारचा आहे.

दुसरें उदाहरण केनिया देशांतील व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठचें आहे. तेथील शेतकरी आपल्यासारखेच थोड्या जमिनीचे धनी आहेत. मक्याच्या खोडकिडीवर उपाय शोधीत असतां तेथील आंतरराष्ट्रीय कीटक संशोधन केंद्रांतील झियाउर खान, जे मूळचे भारतीय आहेत, व त्यांचे सहकारी ह्यांस असें दिसलें कीं, मक्याच्या ओळींमध्यें डेस्मोडियम नांवाचें द्विदल चाऱ्याचें पीक लाविलें असतां टारफुला फारच कमी होतो. ह्या पिकाच्या मुळांतून कांहीं द्रव्यें अशीं पाझरतात कीं तीं टारफुल्याच्या बीला जागी करितात, आणि दुसरीं कांहीं अशीं कीं तीं तिच्या मुळाची वाढ खुंटवितात. म्हणून ती उगवते व मरते. त्याखेरीज तें पीक जमिनींत नत्र वाढवितें, जमीन झांकून ठेवितें आणि गुरांना चारा देतें. चाऱ्यापासून दूध व शेण, आणि शेणापासून पुन्हां खत. ही रीत १९९७ पासून शेतकऱ्यांच्या शेतांवर नेण्यांत आली. जमीन सुधारणें व टारफुला मारणें हीं दोन कामें तेथें एकच झालीं.

७. आपल्या शेतांत काय करावें

(१) मातीची तपासणी करवावी. २०१५ सालीं केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. कृषि खात्याच्या गांवांतील कर्मचाऱ्यास विचारल्यास मातीचा नमुना कसा व कोठें द्यावा हें कळतें. टारफुला जेथें येतो त्या पट्ट्याचा नमुना निराळा द्यावा.

(२) शेणखत वाढवावें. १,००० किलो चांगल्या शेणखतांत सुमारें ५ किलो नत्र असतें. युरियाच्या ४५ किलोंच्या एका पोत्यांत सुमारें २१ किलो असतें. म्हणून दोहोंची सांगड घालावी. शेणखत जमिनीचा पोत सुधारतें आणि पोत्यांतील खत तूट भरून काढितें. गोवऱ्या जाळल्या म्हणजे शेणांतील नत्र धुरावाटें निघून जातें. जेथें दुसरें सरपण मिळतें तेथें शेण खड्ड्यांतच जावें, आणि चुलीची राख शेतांत जावी. टारफुला असलेल्या शेतांतील कडबा गुरांनीं खाल्ला असल्यास त्यांचें शेण पुरतें कुजवूनच वापरावें.

(३) स्फुरद पेरणीच्या वेळीं बियाण्याखालीं पडेल असें द्यावें. वर फेंकलेलें स्फुरद मुळांपर्यंत पोंचत नाहीं. नत्र एकदम न देतां अर्धें पेरणीबरोबर व अर्धें सुमारें महिन्यानें, जमिनींत ओल असतां द्यावें.

(४) सर्व शेताला पुरेल एवढें खत नसेल, तर सगळीकडे चिमूटभर टाकण्यापेक्षां टारफुल्याचा पट्टा ओळखून तेथें पुरेसें द्यावें. अर्धपोटीं ठेवलेल्या दहा गुंठ्यांपेक्षां पोटभर वाढलेले पांच गुंठे बरे.

(५) पिकांची फेरपालट करावी. कापूस, भुईमूग, सोयाबीन व सूर्यफूल ह्यांच्या मुळांची हांक ऐकून टारफुल्याच्या बिया उगवतात, पण त्यांना तेथें थारा मिळत नाहीं. मका, बाजरी, भात व ऊस हीं मात्र त्याचीं भक्ष्यें आहेत. म्हणून ज्वारीच्या मागून मका घेणें ही ह्या कामीं फेरपालट नव्हे. ज्वारींत तुरीच्या ओळी पेरण्याची आपली जुनी चाल चांगली आहे. तूर नत्र तर वाढवितेच. शिवाय लोहाशीं जखडलेलें स्फुरद ती आपल्या मुळांतील आम्लानें मोकळें करिते, असें पाटणचेरू येथील संशोधनांत दिसून आलें व तें १९९० सालीं प्रसिद्ध झालें.

(६) टारफुला फुलण्यापूर्वीं उपटावा, आणि बोंडें धरलीं असल्यास बांधावर न टाकितां जाळून टाकावा. वीस झाडें सोडून दिलीं व प्रत्येकीं ५० हजार बिया धरल्या, तर दहा लक्ष बिया जमिनींत पडतात. वारा, वाहतें पाणी, औताला चिकटलेली माती आणि मळणींतून ठेवलेलें बियाणें ह्यांबरोबर त्या दुसऱ्याच्या शेतांत जातात. म्हणून हें काम एका घराचें नसून सर्व शिवाराचें आहे. ज्याच्या घरीं हात थोडे असतील त्याच्या शेतांत शेजाऱ्यांनीं एक सकाळ जावें. त्यांत त्यांच्या स्वतःच्या शेताचेंहि रक्षण आहे.

टारफुल्याची झाडें उपटणें हें चोराला हांकलणें होय. जमिनीला अन्न देणें म्हणजे त्याला ज्या हांकेनें घराचा पत्ता लागतो ती हांकच हळू करणें होय. पहिलें काम भाद्रपदांत दिसतें व चार लोक त्याची वाहवा करितात. दुसरें वैशाखांत खताच्या खड्ड्यापाशीं सुरू होतें आणि त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पण दुसऱ्यावांचून पहिल्याचे कष्ट दरवर्षीं नव्यानें करावे लागतात.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. जमिनींत ओल असतांहि टारफुल्याची ज्वारी कां सुकते?
२. मुळाची हांक खरोखर कोणासाठीं असते, आणि ती टारफुल्याला कशी उपयोगी पडते?
३. नत्र व स्फुरद ह्यांची उणीव असतां ज्वारीच्या मुळांत काय फरक पडतो?
४. थोडेंसें खत देऊन टारफुला कमी न होतां वाढला, असें कोणाच्या शेतांत दिसलें आहे काय? त्याचें कारण काय असावें?
५. आपल्या गांवांत टारफुल्याचे पट्टे कोणकोणत्या शेतांत आहेत, आणि येत्या वैशाखांत त्यांतील कोणत्या पट्ट्याला प्रथम खत द्यावें?